घरामागचे पाच वाफे

नवऱ्याला झटका आला तेव्हा मी गॅसपाशी उभी होते आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो दुधाचा. दूध उतू जाईल. म्हणून आधी गॅस बंद केला आणि मग बाहेरच्या खोलीत धावले. हे सोफ्यावरून अर्धे खाली घसरले होते आणि तोंड एका बाजूला गेलं होतं. दुधाचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, अहो, अशा वेळी माणसाला काही सुचत नाही. मला तर सगळं सुचत होतं. रिक्षा थांबवायची, भावाला फोन करायचा, विम्याचं कार्ड घ्यायचं, यांचा चष्मा घ्यायचा. सुचत सगळं होतं, वाटत काही नव्हतं. ते पुढे सात महिने तसंच राहिलं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. इस्पितळात अकरा दिवस काढले. जीव वाचला. जीभ पंधरा-वीस दिवसांत बऱ्यापैकी वळायला लागली. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. राहिला उजवा हात. तो खांद्यापासून नुसता लटकत असायचा. डॉक्टर म्हणाले, पहिले सहा-आठ महिने काय ते महत्त्वाचे, हाताचं जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येईल. मी मान डोलावली. घरी आल्यावर कॅलेंडरवर महिने मोजले आणि जूनच्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. यांनी ते पाहिलं.

आमचे हे वर्ध्याकडचे. चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले, पण चिडले की अजून तिकडचं बोलतात. मी इथलीच. सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली हलवल्या आणि सुटले. मुलगी बंगळूरला असते. विश्रांतवाडीत आमचं बैठं घर आहे आणि घरामागे जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा. खाली सगळा मुरूम होता. यांनी वर्षानुवर्षं बाहेरून माती आणून टाकली आणि दहा-दहा फुटांचे पाच वाफे केले. दर मे महिन्यात कुदळीने खणायचे आणि जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, अंबाडी पेरायचे. "मंडईत भाजी मिळत नाही का?" असं मी दर वर्षी विचारायचे. "मिळते ना. ती मंडईची असते," असं हे दर वर्षी सांगायचे. तेहतीस वर्षांच्या संसारात आमचं हे एक भांडण मी मनापासून करत आले.

त्या हिवाळ्यात वाफ्यांकडे कुणी पाहिलं नाही. मी मोबाइलवर गजर लावून जगत होते. सहाला गोळी, सातला अंघोळ, आठला नाश्ता, दहाला व्यायाम, पुन्हा गोळी. गजर वाजला की उठायचं, करायचं, पुढच्या गजरापर्यंत बसायचं. भेटायला येणारे वेगळेच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. ते यायचे, चहा प्यायचे, यांच्यासमोर बसून त्यांच्या ओळखीतल्या कुणाकुणाला कसा झटका आला होता ते रंगवून सांगायचे आणि निघताना दारात मला म्हणायचे, तुम्ही धीराच्या आहात हो. धीर कसला डोंबलाचा! काही वाटतच नसेल तर धीर लागतो कशाला? मी हसून दार लावायचे आणि कपबशा विसळायचे.

हाताच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, फिजिओथेरपीच्या बाई यायच्या. चाळिशीच्या, शांत, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एक मऊ चेंडू दिला होता, दिवसातून इतक्या वेळा दाबा म्हणून. यांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने खिडकीतून बाहेर फेकला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे?" मी गेले, चेंडू उचलून आणला, धुतला, पुन्हा उशाशी ठेवला. मला त्याचाही राग आला नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि मागच्या दारातून यांची काठी टकटक करत बाहेर आली. एरवी हाक मारल्याशिवाय हे हलायचे नाहीत. भिंतीला टेकलेला दुधाचा क्रेट यांनी काठीने ओढत पहिल्या वाफ्यापाशी नेला, उलटा केला आणि त्यावर कसेबसे बसले. खिशातून खुरपं काढलं. मग डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून खुरप्याच्या मुठीवर बसवली. अंगठा शेवटी. आणि डाव्या हाताने ते मनगट ढकलत माती खरवडायला लागले. चार-पाच वेळा खरवडलं की मूठ सुटायची. मग पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात.

मी दोरीवरचा टॉवेल सोडून धावले. "अहो, पडाल ना!"

"पडलो तर मातीतच पडेन," हे म्हणाले. "फरशीपेक्षा बरं."

त्या दिवसापासून रोज हेच. सकाळी आठ ते दहा. मी मागच्या पायरीवर बसून राहायचे, कारण क्रेट डुगडुगायचा आणि यांचा तोल उजवीकडे जायचा. कधी तांदूळ निवडायचे, कधी मोबाइल बघायचे, पण एक डोळा तिकडे. दहाला हे मातीने माखलेले असायचे. मग पुन्हा अंघोळ, पुन्हा कपडे, न्हाणीघरात गाळ, त्यांना धरून उभं करताना माझ्या कमरेतून कळ. दोन तासांत काम किती व्हायचं? बोटभर. दोन बोटं. मी फायलींच्या खात्यातली बाई, सावकाश काम म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, पण हे मलाही बघवेना.

एकदा मी म्हटलं, "माळी लावू या का? एका सकाळीत सगळं खणून देईल."

हे खाली बघूनच म्हणाले, "माळ्याचा हात बरा आहे."

मला वाटलं, नेहमीसारखं तिरकं बोलले. मी तांदळाचं ताट उचललं आणि आत गेले.

मार्च गेला, एप्रिल गेला. ऊन वाढलं तशी वेळ सात ते नऊ झाली. पहिला वाफा झाला, दुसरा झाला. तिसरा अर्धा झाला. फिजिओच्या बाई आल्या की हे त्यांना मागे घेऊन जायचे आणि दोघं तिथे उभं राहून काहीतरी बघत बोलायचे. मी तेवढ्यात आत चहा टाकायचे. माझ्या दिवसातली ती दहा मिनिटं माझी होती. ते काय बघतात असं मी एकदाही विचारलं नाही. खणलेल्या मातीत यांनी खराट्याच्या काड्या खोचून ठेवल्या होत्या, लांबच्या लांब ओळीने. बुलबुल आणि साळुंक्या येऊन माती उकरतात, त्यांच्यासाठी असतील असं मी मनाशी धरून चालले होते.

मे महिन्याच्या मध्यावर मी संपले. दुसरा शब्द नाही त्याला. रडले नाही, चिडले नाही, आजारी पडले नाही. एका सकाळी पायरीवर बसले असताना लक्षात आलं की हे क्रेटवरून खाली कोसळले तर मला उठायला बराच वेळ लागेल, आणि त्याचीही मला भीती वाटत नाहीये. तेव्हा मी ठरवलं की हे खणणं संपवायचं. वर स्वतःला सांगितलं ते असं की यांना आनंद होईल, वाफे वेळेवर तयार झालेले बघून. तेही थोडं खरं होतं. पण थोडंच.

समोरच्या गल्लीत एकांनी बाग करताना छोटं यंत्र आणलं होतं, पॉवर वीडर म्हणतात त्याला. त्यांच्याकडून फोन नंबर घेतला. यंत्र भाड्याने देणारा लोहगावकडचा माणूस होता, माझ्याच वयाचा असेल. फोनवर म्हणाला, "माती कडक हाय का? मग तीन दिवस आधी पाणी सोडून ठेवा. लई नको. आन मग हात लावू नका." मी संध्याकाळी पाइपने सगळीकडे पाणी मारलं. हे खिडकीतून बघत होते. मी म्हटलं, धूळ फार उडते हो. हे म्हणाले, "चांगलं केलंस. हाताला मऊ जाईल."

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझा पाय दुखतोय असं सांगून मी यांना खणण्याची सुट्टी घ्यायला लावली. चौथ्या दिवशी यांची इस्पितळात तपासणी होती. माझा भाऊ साडेआठला रिक्षा घेऊन आला आणि यांना घेऊन गेला. नऊ वाजता लोहगाववाला टेम्पोतून यंत्र घेऊन आला.

यंत्र लहानच होतं. वर इंजिन, खाली दोन्ही बाजूंना वाकड्या पात्यांची चक्रं, मागे स्कूटरसारखं हँडल आणि हँडलखाली एक लोखंडी दांडी. ती दांडी मातीत जेवढी रुतवाल तेवढं यंत्र सावकाश जाणार आणि तेवढं खोल खणणार. त्या माणसाने वाकून मूठभर माती घेतली, मुठीत दाबून तिचा गोळा केला आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकला. गोळा पडला आणि फुटून भुगा झाला. "वाफसा बराबर आलाय," तो म्हणाला. म्हणजे माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, खणायला अगदी योग्य. "मी मारून देऊ, का तुम्ही मारताय?"

मी म्हटलं, "मी मारते."

का म्हटलं कुणास ठाऊक. आयुष्यात कधी स्कूटर चालवली नाही मी. त्याने दोरी कशी ओढायची, क्लच कुठला, बंद कसं करायचं ते दोनदा दाखवलं. आधी वरवर एक हात फिरवा, मग दांडी दाबून खोल, मग आडवं. दगड, काटक्या, दोऱ्या आधी काढून टाका, पात्यांत गुंततात. एवढं सांगून तो धानोरीत दुसरं काम होतं तिकडे गेला, बाराला यंत्र न्यायला येतो म्हणाला.

मी दगड वेचले. मग काड्या उपटल्या. बऱ्याच होत्या, ऐंशी तरी असतील. मुठी भरभरून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. क्रेट उचलून भिंतीला लावला. आणि दोरी ओढली.

तिसऱ्या झटक्याला यंत्र सुरू झालं आणि मला खेचतच घेऊन गेलं. पहिला वाफा मी नुसती मागे धावत केला. मग दांडीवर जोर कसा द्यायचा ते कळलं. पाती मातीत घुसत होती, माती उसळत होती, ढेकळं फुटत होती. मध्येच एखादी वीट लागली की यंत्र उडी मारायचं आणि माझे दोन्ही खांदे हलायचे. वाफ्यांमधले बांध मोडले. मोडू देत. यांनी खणलेल्या अडीच वाफ्यांवरूनही मी यंत्र फिरवलं, म्हणजे सगळं एकसारखं दिसेल. उभं झाल्यावर आडवं. आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हाताखालचं काहीतरी भराभर पुढे सरकत होतं. कुणाला धरायचं नव्हतं, कुणाचं पुसायचं नव्हतं. मी आवाजाच्या आडून मोठ्याने शिव्याही दिल्या. कुणाला ते नक्की सांगता येणार नाही. बहुतेक यांनाच.

तासाभरात पाचही वाफे संपले. यंत्र बंद केलं तेव्हा कोपरापर्यंत हात बधिर झाले होते. पाण्याचा तांब्या उचलला तर तो धरलाय की नाही हे बघून ठरवावं लागत होतं. मी पायरीवर बसून समोर बघितलं. काळी, भुसभुशीत, सपाट माती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सुंदर दिसत होती.

लोहगाववाला येऊन यंत्र घेऊन गेला आणि त्याच्या मागोमाग भाऊ यांना सोडून गेला. मी यांना हाताला धरून मागच्या दारात आणलं. हे चौकटीला धरून उभे राहिले. आधी पूर्ण जागा बघितली. मग पहिल्या वाफ्याच्या जागी बघितलं, तिथून सावकाश तिसऱ्यापर्यंत.

"झालं?" हे म्हणाले.

"झालं. तासाभरात. मीच केलं, यंत्राने."

"छान."

आणि वळून आत गेले, टीव्ही लावायला सांगितला. 'छान' हा शब्द पुण्यात कशासाठी वापरतात ते मला शिकवायला नको. पण म्हटलं, पुरुषाचा अहंकार आहे, उतरेल दोन दिवसांत.

दुसऱ्या दिवशी सातला हे उठले नाहीत. आठला उठले, दात घासले, नाश्ता केला आणि खुर्चीत बसले. उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला. मी दोन तास मोकळी होते. चहा गरम असताना प्यायले. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. बरं वाटलं मला, हे सांगायलाच हवं. तिसऱ्या दिवशीही तसंच. जेवताना हे उजवा हात ताटापर्यंत आणायचे, निदान पापड तरी उचलायला बघायचे, तेही बंद झालं.

शुक्रवारी फिजिओच्या बाई आल्या. यांनी तपासायला हात दिला तो असा, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. बाईंनी बोटं वाकवून बघितली, दाबा म्हणाल्या, हे खिडकीबाहेर बघत राहिले. बाई उठून सवयीने मागच्या दाराशी गेल्या आणि तिथेच थबकल्या. मला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं.

"काड्या कुठे गेल्या?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"कसल्या काड्या?"

"अहो, रोज जिथे थांबायचे तिथे ते एक काडी खोचायचे. तुम्हाला माहीत नाही? पहिल्या दिवसाची आणि दुसऱ्या दिवसाची काडी यांत दोन बोटं अंतर होतं. गेल्या आठवड्यात शेवटच्या दोन काड्यांत दीड वीत भरलं. मी इतक्या लोकांकडे जाते, असं मोजमाप कुणी ठेवलं नव्हतं. मी त्याचा फोटो काढणार होते."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं.

"ते मला म्हणाले होते, बायकोला सांगू नका, पाचवा वाफा पुरा झाला की एकदमच दाखवीन. तोवर हात झालेला असेल." "तुमचा हेतू चांगलाच होता. पण त्यांना पुन्हा बसवा. दिवस थोडे राहिलेत."

बाई गेल्यावर मी कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. डबा दोन दिवसांपूर्वीच गाडीत रिकामा झाला होता, हे मला माहीत होतं. तरी झाकण उघडून बघितलं.

त्या रात्री मी यांना सॉरी म्हटलं. हे म्हणाले, "अगं, कशासाठी? बरंच झालं. पेरणीला तयार आहे." मी म्हटलं, उद्यापासून पुन्हा बसा ना क्रेटवर. हे म्हणाले, "काय खणू? वाळू?" आणि कूस बदलायला मदत मागितली. माझी चूक मला समजली होती. लख्ख समजली होती. पण छातीत काही हलत नव्हतं. स्वतःचीच किळस यावी, तर तीही नीट येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे झोपलेले बघून मी मागे गेले. पाइप लावून निम्म्या जागेत पाणी सोडलं, चिखल होईस्तोवर. साडी वर खोचली आणि चिखल तुडवायला लागले. टाचेने दाबत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वाफसा नसताना ओली माती तुडवली की उन्हात तिची वीट होते, एवढं इतक्या वर्षांत ऐकून ऐकून मलाही माहीत झालं होतं. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या बाई थांबून बघत होत्या. बघू देत. तासभर तुडवलं असेल. पोटऱ्या भरून आल्या. मान वर केली तर मागच्या दारात हे उभे.

"आता कायले तुडवून राहिली?"

"घट्ट करतेय."

"कायले?"

"तुम्हाला खणायला."

हे चौकटीला टेकून सावकाश पायरीवर बसले, रोज मी बसायचे तिथेच. आवाज उतरला होता.

"कंटाळलीस ना मला?"

सात महिने मी या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवलं होतं. काहीतरीच काय बोलता, असं म्हणायचं, हसायचं आणि उशी सारखी करायची. पण चिखलात पाय रुतलेले असताना ते उत्तर तोंडाशी येईना.

"हो," मी म्हटलं.

यांनी मान हलवली. "मीही," म्हणाले. "माझा मलाच कंटाळा आलाय." मग हनुवटीने दाखवत, "तो कोपरा राहिला. तिकडून तुडव."

मी तो कोपरा तुडवला.

मेअखेरच्या उन्हात पाच दिवसांत माती कडक झाली, वर भेगा पडल्या. सहाव्या दिवशी सकाळी सातला काठीची टकटक ऐकू आली. मी पायरीवर बसायला निघाले तर हे म्हणाले, "तू बसू नको. आत जा, झोप."

"आणि पडलात तर?"

"हाक मारीन. तोंड चालतं माझं."

"क्रेट डुगडुगतो."

"झोप जाऊन," हे म्हणाले. "तुझ्या तोंडाकडे बघवत नाही."

मी आत जाऊन पलंगावर आडवी झाले, पाच मिनिटं म्हणून. गजर लावला नाही. मागच्या बाजूने खुरप्याचा कडक मातीवर खरड खरड आवाज येत होता. तो थांबायचा, पुन्हा यायचा. तो ऐकता ऐकता मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून पलंगावर आलं होतं. घड्याळात सव्वाअकरा. इतकी गाढ झोप मला झटक्याच्या आदल्या रात्रीनंतर लागली नव्हती. आधी तेच बरं वाटलं, आणि मग ध्यानात आलं की घरात हे नाहीत. मागे धावले. पायात चप्पल नव्हती.

क्रेट आडवा पडला होता. हे त्याच्या शेजारी जमिनीवर डाव्या कुशीवर पडले होते, काठी हाताला येणार नाही इतक्या लांब. टोपी डोळ्यांवर ओढलेली. डाव्या कोपराला खरचटून रक्त सुकलं होतं. मी जवळ जाऊन ओरडले, काय ओरडले आठवत नाही. टोपीखालून डोळे उघडे होते.

"कधी पडलात?"

"नऊ वाजले असतील."

"नऊ? आणि हाक का नाही मारली? तोंड चालतं ना तुमचं?"

"झोपली होतीस," हे म्हणाले.

तेव्हा मी खाली नीट बघितलं. यांच्या छातीसमोरची माती खणलेली होती. कुशीवर पडल्या पडल्या उजवा हात जिथवर पोचत होता तिथवर, चांगली अर्धवर्तुळाकार, कडक माती फोडून भुगा केलेली. डावा हात डोक्याखाली उशीसारखा घेतला होता. म्हणजे मनगट ढकलायला दुसरा हात नव्हताच. खुरपं उजव्या मुठीत होतं आणि ती मूठ घट्ट होती.

"हे... हे कुणी खणलं?" मी वेड्यासारखं विचारलं.

"पडलोच होतो. म्हटलं, तेवढं तरी करून घ्यावं."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले आणि मला रडू फुटलं. आधी आवाज आला नाही, मग असा आला की गच्चीवरच्या बाई पुन्हा कठड्याशी आल्या. दुधाचं रडले, दारातल्या हसण्याचं रडले, पलंगावरच्या त्या झोपेचं रडले. बऱ्याच वेळाने पायाला काहीतरी टोचलं म्हणून बघितलं, तर हे खुरप्याच्या टोकाने माझ्या पावलाला हळूच ढोसत होते.

"तुझं रडणं झालं की उठव मले," म्हणाले. "मुंग्या चावून राहिल्या."

मला अजून थोडा वेळ लागला.